चाकांवरचे घर आणि साखरेचे गाव

प्रवासवर्णनाचा विचार करताना आपल्या समीक्षेने प्रवासी कोण, तो कुठे गेला आणि त्याने काय पाहिले ह्या तीन प्रश्नांची चर्चा पुष्कळ केली आहे. तो कशातून गेला आणि त्याच्या शेजारी कोण बसले होते, हे दोन प्रश्न मात्र बहुधा किरकोळ समजून सोडून दिले जातात. वस्तुतः प्रवाशाला जगाचा केवढा भाग दिसणार आणि कोणाशी त्याचे बोलणे होणार, हे पुष्कळ अंशी वाहन आणि सोबती ह्यांवरच ठरत असते. वारीत पायी चालणाऱ्याला जो मुलूख दिसतो, तो आगगाडीच्या खिडकीतून दिसत नाही, हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही अशा एका प्रवासाकडे पाहू इच्छितो, जो वरवर अगदी क्षुल्लक वाटावा. अमेरिकेतील एखादे कुटुंब मोटारहोममध्ये, म्हणजे स्वयंपाकघर, बिछाने आणि न्हाणीघर असलेल्या मोठ्या मोटारीत सामान भरते, घरचे कुत्रे बरोबर घेते आणि पेन्सिल्वेनिया राज्यातील हर्शी ह्या चॉकलेटच्या गावी सुटी घालवायला जाते. हे नाव मराठी घरांना अपरिचित नाही. अमेरिकेहून सुटीला आलेल्या मुला-भाच्यांच्या बॅगांतून चंदेरी कागदात गुंडाळलेल्या टोकदार चॉकलेटांची जी पिशवी निघते, ती ह्याच कंपनीची. गावावरूनच कंपनीचे नाव पडले असावे असा अनेकांचा समज असतो. खरे तर एका माणसाचे नाव कंपनीला मिळाले आणि मग गावालाही. मोटारहोम, कुत्रे आणि चॉकलेटचे गाव ह्या तिन्ही गोष्टींचा इतिहास एकत्र वाचला, तर सुटीतील ह्या सहलीमागे अमेरिकेच्या विसाव्या शतकाचा बराच मोठा भाग उभा आहे, असे आमच्या ध्यानात आले. त्या इतिहासात श्रम आणि श्रमिक हळूहळू प्रवाशाच्या नजरेआड कसे गेले, हा आमच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे.

ह्या इतिहासाची सुरुवात १९०३ ह्या वर्षापासून करणे सोयीचे ठरेल. त्या वर्षीच्या २३ मे रोजी होरेशियो नेल्सन जॅक्सन हा व्हरमाँटचा डॉक्टर सॅन फ्रान्सिस्कोहून मोटारीने निघाला. मोटारीने अमेरिका ओलांडता येईल की नाही ह्यावर त्याने पन्नास डॉलरची पैज लावली होती. सोबत सीवॉल क्रॉकर नावाचा मेकॅनिक आणि विंटन कंपनीची, वर छप्पर नसलेली मोटार. झोपण्याचे आणि स्वयंपाकाचे सामान मोटारीतच लादलेले होते. पक्के रस्ते जवळजवळ नव्हतेच. वाटेत आयडाहोमध्ये जॅक्सनने बड नावाचा एक बुलडॉग विकत घेतला. धुळीने कुत्र्याचे डोळे चुरचुरू लागले, तेव्हा त्यालाही मोटारचालकाचा चष्मा घालण्यात आला. २६ जुलैला, त्रेसष्ट दिवसांहून थोड्या अधिक काळानंतर, दोन माणसे आणि एक कुत्रा न्यूयॉर्कला पोहोचले. अमेरिका मोटारीने ओलांडण्याची ही पहिली यशस्वी सफर. डोळ्यांवर चष्मा लावून पुढे बसलेल्या बडची छायाचित्रे आजही तिची ओळख बनून राहिली आहेत.

त्याच १९०३ साली पेन्सिल्वेनियातील डेरी टाउनशिपमध्ये, गाईंच्या कुरणांनी वेढलेल्या जागी, मिल्टन हर्शीने चॉकलेटच्या कारखान्याचे बांधकाम सुरू केले. ह्या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. परंतु देश ओलांडणारा रस्ता आणि गोड पदार्थाभोवती वसवलेले गाव ही दोन स्वप्ने एकाच वर्षी आकार घेऊ लागली, एवढे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

मिल्टन हर्शीचा जन्म १८५७ चा, मेनोनाइट पंथाच्या कुटुंबातला. फिलाडेल्फियात आणि न्यूयॉर्कमध्ये त्याने काढलेली मिठाईची दुकाने बुडाली. नंतर लँकेस्टर येथे दुधाच्या कॅरॅमलच्या धंद्यात त्याला यश आले. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्याने चॉकलेट बनवणारी जर्मन यंत्रे पाहिली आणि ती विकत घेतली. १९०० मध्ये कॅरॅमलचा धंदा दहा लाख डॉलरना विकून तो चॉकलेटकडे पूर्णपणे वळला. तोपर्यंत दुधाचे चॉकलेट हा युरोपातील सुखवस्तूंचा पदार्थ होता. तो यंत्रावर प्रचंड प्रमाणात काढून सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल असा करणे, ही हर्शीची कामगिरी. दूध जवळ हवे म्हणून त्याने कारखाना गवळ्यांच्या मुलखात उभारला, आणि कामगार टिकून राहावेत म्हणून कारखान्याभोवती गाव वसवले. घरे, ट्रॉलीगाडी, शाळा, दुकाने, बँक आणि कामगारांच्या विरंगुळ्यासाठी एक मोठी बागही. ह्याच बागेची पुढे हर्शीपार्क ही करमणूकनगरी झाली. गावातील हमरस्त्यांना चॉकलेट आणि कोको अशी नावे मिळाली. रस्त्यावरचे दिवे कालांतराने चॉकलेटच्या आकाराचे झाले, काही कागदात गुंडाळलेले तर काही उघडे. १९०९ मध्ये हर्शी आणि त्याची पत्नी कॅथरिन ह्यांनी अनाथ मुलांसाठी शाळा काढली. १९१८ मध्ये त्याने आपली बहुतेक सारी संपत्ती त्या शाळेच्या विश्वस्तनिधीला देऊन टाकली. मूल नसलेल्या दांपत्याचे हे औदार्य खरे होते, आणि ते आजही चालू आहे.

अशा गावाकडे पाहताना आपली जाण दोन टोकांना जाते. मालकाने केलेली सोय म्हणून ते कौतुकाने पाहावे, की मालकाच्या मुठीतले गाव म्हणून संशयाने? हर्शीमध्ये नगरपालिका नव्हती, महापौर नव्हता. कायद्याच्या दृष्टीने हे गाव आजही स्वतंत्र नगर नाही, ते डेरी टाउनशिपचाच भाग आहे. घर, नोकरी, शाळा, नाटकगृह, बाग हे सारे एकाच माणसाच्या इच्छेतून आलेले. महामंदीच्या काळात हर्शीने मोठे हॉटेल, नाटकगृह, क्रीडागृह अशी बांधकामे काढून शेकडो लोकांना काम दिले. तरीही २ एप्रिल १९३७ रोजी कारखान्यातील कामगारांनी आत ठाण मांडून संप पुकारला. संघटनेची मान्यता, वेतन आणि सेवाज्येष्ठता हे त्यांचे मुद्दे होते. दूध तुंबू लागले आणि गवळी शेतकरी चिडले. ७ एप्रिलला शेतकरी आणि कंपनीशी निष्ठावंत राहिलेले कामगार कारखान्यात घुसले, संपकऱ्यांना बाहेर काढले आणि बाहेर येताना दोन रांगांमधून त्यांना बेदम मारले. मालक तेव्हा एकोणऐंशी वर्षांचा होता. आपण ज्यांच्यासाठी गाव बांधले त्यांनी आपल्यावर उलटावे, ह्याचे त्याला अतिशय दुःख झाले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. ते दुःख खरे असेलही. पण उपकार आणि हक्क ह्यांतला फरक त्या सहा दिवसांत जितका स्पष्ट झाला, तितका तो गावाच्या माहितीपत्रकांत कधीच आढळत नाही.

साखरेची गोष्टही अशीच. पहिल्या महायुद्धाच्या काळात साखरेची टंचाई जाणवू लागली, तेव्हा १९१६ पासून हर्शीने क्यूबामध्ये उसाची जमीन, साखर कारखाने आणि रेल्वे उभारण्यास आरंभ केला. हवाना आणि मातान्सास ह्या शहरांना जोडणारी विजेवरची गाडी त्याच्याच नावाने ओळखली जाई. तेथेही हर्शी नावाचे एक गाव वसले. म्हणजे पेन्सिल्वेनियातील साखरेच्या गावाला समुद्रापलीकडे एक जुळे भावंड होते, आणि पाहुणे मात्र एकाच गावी जात. सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात वाढलेल्या आणि ऊसतोडीच्या हंगामात ओस पडणारी गावे पाहिलेल्या मराठी वाचकाला ह्या जुळ्या गावांचे नाते चटकन उमगावे.

आता रस्त्याकडे वळू. बडच्या सफरीनंतर सात वर्षांनी, १९१० मध्ये, पिअर्स-अ‍ॅरो कंपनीने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात झोपण्याची आणि धुण्याची सोय असलेली मोटार मांडली. ती श्रीमंतांची चैन होती. सामान्य मध्यमवर्गीय मोटारीला तंबू बांधून, डबाबंद अन्नावर दिवस काढीत निघत. १९१९ मध्ये फ्लॉरिडात टँपा येथे त्यांनी आपली संघटनाही काढली आणि स्वतःला ‘टिन कॅन टूरिस्ट’ असे नाव घेतले. १ ऑक्टोबर १९४० रोजी अर्विन ते कार्लाइल असा सुमारे २५७ किलोमीटरचा पेन्सिल्वेनिया टर्नपाइक खुला झाला. कार्लाइल हर्शीपासून फार दूर नाही. १९५६ च्या महामार्ग कायद्याने देशभर अशा रस्त्यांचे जाळे विणले आणि १९६६ पासून आयोवातील विनेबॅगो कंपनीने असेंब्ली लाइनवर मोटारहोम काढून ती मध्यमवर्गाच्या आटोक्यात आणली. हर्शीने चॉकलेटचे जे केले, तेच विनेबॅगोने चाकांवरच्या घराचे केले, असे म्हणता येईल.

परंतु चाकांवरचे घर नेहमीच हौसेचे नव्हते. जॉन स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ (१९३९) ह्या कादंबरीतील जोड कुटुंब आपली मोटार कापून तिचा ट्रक करते, त्यावर संसार लादते आणि ओक्लाहोमाहून कॅलिफोर्नियाला निघते. कर्ज आणि धुळीची वादळे ह्यांनी त्यांना जमिनीवरून उठवले आहे. त्यांच्याबरोबरही एक कुत्रा आहे. प्रवासाच्या आरंभीच, पेट्रोलपंपापाशी, भरधाव जाणारी एक मोठी मोटार त्याला चिरडते. कादंबरीच्या विस्तारात हा प्रसंग छोटा आहे. तरी आमच्या मते तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण रस्ता सर्वांचा असला तरी सर्वांना सारखा नसतो, हे तेथे एका कुत्र्याच्या मरणातून कळते. हीच गोष्ट कृष्णवर्णीय अमेरिकनांना वेगळ्या रीतीने माहीत होती. १९३६ पासून त्यांच्यासाठी ‘ग्रीन बुक’ नावाची मार्गदर्शिका निघत असे. कोणत्या गावी आपल्याला खोली मिळेल, कोठे जेवण मिळेल, हे तीत दिलेले असे. ज्याला मुक्त रस्ता म्हणतात त्यावर निघण्यापूर्वी ज्यांना असे पुस्तक जवळ ठेवावे लागत होते, त्यांच्या नजरेतून अमेरिकन प्रवासवर्णने पुन्हा वाचायला हवीत.

स्टाइनबेक स्वतः रस्त्यावर निघाला तो १९६० च्या सप्टेंबरात, अठ्ठावन्नाव्या वर्षी. पिकअप ट्रकवर त्याने छोटे घर बसवून घेतले होते आणि डॉन किहोतेच्या घोड्यावरून त्याला ‘रोसिनान्ते’ हे नाव दिले होते. सोबतीला चार्ली नावाचा फ्रान्समध्ये जन्मलेला पूडल कुत्रा. ह्या प्रवासावरचे ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे पुस्तक १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी स्टाइनबेकला नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पुस्तकात चार्ली केवळ गंमत म्हणून आलेला नाही. अनोळखी माणसांशी ओळख करून घेण्यासाठी लेखक त्याचा दूतासारखा उपयोग करतो. मेन राज्यात बटाटे काढायला कॅनडातून आलेल्या फ्रेंचभाषक मजुरांचा तळ पडलेला असतो. लेखक चार्लीला मोकळा सोडतो, चार्ली त्यांच्याकडे जातो, त्याला परत आणण्याच्या निमित्ताने लेखक जातो आणि मग ते मजूर त्याच्या चाकांवरच्या घरात पाहुणे म्हणून येतात. हंगामी मजुराला घरी बोलावण्याचा हा प्रसंग एका कुत्र्यामुळे घडतो, हे फार महत्त्वाचे आहे. उलट यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानात अस्वले दिसताच हा शांत कुत्रा इतका खवळतो की लेखकाला तेथून परतावे लागते. माणसांच्या तळावर चालणारा दूत प्रेक्षणीय स्थळी निरुपयोगी ठरतो.

ह्या पुस्तकाच्या सत्यतेबद्दल पुढे प्रश्न उभे राहिले. पत्रकार बिल स्टायगरवॉल्ड ह्यांनी २०१० मध्ये त्याच वाटेने प्रवास करून, कागदपत्रे तपासून, लेखकाने पुष्कळ रात्री हॉटेलांत काढल्या होत्या आणि काही संवाद कल्पित असावेत, असे दाखवले. २०१२ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतही हे पुस्तक शब्दशः खरे मानू नये, असे सांगण्यात आले. ह्यावरून पुस्तक खोटे ठरवून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला वेगळा प्रश्न पडतो. लेखकाने प्रसंग रचले असतील, तर मजुरांच्या भेटीला त्याने एवढी जागा का द्यावी? पाहण्यासाठी निघालेल्या माणसाने कोणाला भेटले पाहिजे, ह्याविषयी त्याची धारणा त्या रचनेतून स्पष्ट होते. प्रवासवर्णनाच्या अभ्यासकाला ती धारणाही पुरावा म्हणून उपयोगी आहे.

आता ही धारणा घेऊन पुन्हा हर्शीला जाऊ. ह्या गावाने अनेक दशके पाहुण्यांना प्रत्यक्ष कारखाना दाखवला. लोक यंत्रांमधून फिरत, चॉकलेट घोटले जाताना पाहत, काम करणारी माणसे त्यांना दिसत. १९७० च्या सुमारास वर्षाला येणाऱ्या पाहुण्यांची संख्या दहा लाखांच्या घरात गेली, आणि कारखान्याला ती पेलेना. १९७३ मध्ये कारखान्याची ही फेरी बंद झाली आणि शेजारी ‘चॉकलेट वर्ल्ड’ नावाची इमारत उघडली. आता पाहुणा छोट्या सरकत्या गाडीत बसतो आणि कोकोच्या बीपासून वडीपर्यंतचा प्रवास देखाव्यांच्या रूपाने पाहतो. तेथे घाम नाही, पाळी नाही, संप नाही. त्याच सुमारास, १९७१ मध्ये, कामगारांसाठी मोकळ्या असलेल्या बागेला कुंपण आणि प्रवेशशुल्क आले. आज तेथे चॉकलेटांचे पोशाख घातलेली पात्रे हिंडतात, आणि कोणत्या पाळण्यात कोणी बसावे हे ठरवण्यासाठी मुलांच्या उंचीचे गट गोळ्या-चॉकलेटांच्या नावांनी ओळखले जातात. मूल एका वर्षात एका मिठाईतून दुसऱ्या मिठाईत जाते. चॉकलेट अ‍ॅव्हेन्यूवरील जुन्या कारखान्यातील उत्पादन २०१२ मध्ये थांबले आणि काम गावाच्या पश्चिमेच्या नव्या कारखान्यात गेले. जुन्या इमारतीचा बराच भाग पाडण्यात आला. देखावा मात्र चालू राहिला.

हे एका कंपनीचे कारस्थान आहे, असे आम्ही म्हणत नाही. एवढ्या गर्दीला चालत्या यंत्रांतून फिरवणे धोक्याचे होते, हे खरेच. पण परिणाम काय झाला? वस्तू आणि ती बनवणारा हात ह्यांची पाहुण्याच्या डोळ्यांसमोर होणारी भेट संपली. कोको ज्या पश्चिम आफ्रिकेतून येतो तेथील बालमजुरीबद्दल बोभाटा झाल्यावर २००१ मध्ये मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी, हर्शीसह, ती संपवण्याच्या करारावर सह्या केल्या. त्यात ठरलेली २००५ ची मुदत उलटून गेली, आणि नंतरच्या मुदतीही. सरकत्या गाडीतून दिसणाऱ्या कोकोच्या झाडाखाली हे मूल दिसत नाही.

गावाची बाजूही सांगितली पाहिजे. २००२ मध्ये विश्वस्तांनी कंपनी विकण्याचा विचार केला, तेव्हा गावकरी, कामगार आणि शाळेचे माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले, राज्याचे महाधिवक्ता न्यायालयात गेले आणि विक्री रद्द झाली. म्हणजे देखाव्यामागे खरे गाव अजून जिवंत होते, आणि आपल्यावर वेळ येताच ते बोलले. फक्त ते पाहुण्यांच्या वाटेवर नव्हते.

आणि ह्या साऱ्यात मोटारहोममधून आलेला कुत्रा कोठे आहे? करमणूकनगरीत अपंगांच्या मदतीला असणारे कुत्रे सोडता पाळीव प्राण्यांना प्रवेश नसतो. उन्हाळ्यात बंद गाडीतील उष्णता काही मिनिटांतच जिवावर बेतण्याइतकी वाढते, म्हणून त्याला नुसते आत कोंडून जाणेही योग्य नव्हे. घरातील एका माणसाला मागे थांबावे लागते किंवा श्वानगृह शोधावे लागते. शिवाय ज्या पदार्थासाठी हे सारे गाव उभे आहे, तो त्याच्यासाठी विष आहे. कोकोमधील थिओब्रोमीन हे द्रव्य माणसाच्या शरीरातून लवकर निघून जाते. कुत्र्याच्या शरीरात ते फार काळ राहते. उलट्या होतात, हृदयाचे ठोके अतोनात वाढतात, झटके येतात. चॉकलेट जितके काळे, तितका धोका अधिक. एकाचे सुख दुसऱ्याला पचेलच असे नाही, ही साधी गोष्ट त्या गावात सर्वांत चांगली ठाऊक असते ती पशुवैद्याला.

स्वर्गाच्या दाराशी कुत्र्यासह उभा असलेला युधिष्ठिर येथे मराठी वाचकाला आठवल्याशिवाय राहणार नाही. कुत्र्याला सोडून रथात ये, असे इंद्र म्हणतो आणि युधिष्ठिर नकार देतो. शेवटी तो कुत्रा साक्षात धर्म निघतो. ह्या कथेचा अर्थ प्राणिप्रेमापुरता घेणे आम्हांला अपुरे वाटते. वाटेत ज्याने साथ दिली त्याला बाहेर ठेवून मिळणारे सुख कितपत आपले, हा तिच्यातला प्रश्न आहे. सुटीवर आलेल्या कुटुंबाने कुत्र्यासाठी पाळणे सोडावेत, असे कोणी म्हणणार नाही. पण दाराबाहेर राहिलेल्यांची यादी त्या कुत्र्यापाशी संपत नाही. तीत १९३७ मध्ये मार खाऊन बाहेर पडलेले कामगार आहेत, क्यूबातले ऊसतोडे आहेत, कोकोच्या शेंगा फोडणारी मुले आहेत.

वर्गात प्रवासवर्णन शिकवताना विद्यार्थ्यांना आम्ही आता एक साधे काम देऊ इच्छितो. पुस्तकातील प्रेक्षणीय स्थळांची यादी करण्याऐवजी, लेखक वाटेत कोणाकोणाच्या श्रमांवर जगला आणि त्यांपैकी किती जणांशी तो बोलला, ह्याची यादी करा. स्टाइनबेकपासून आरंभ करा आणि मग आपल्या भाषेतील प्रवासवर्णनांकडे या. दोन याद्यांतील अंतर किती आहे ते मोजा. चंदेरी कागदातले चॉकलेट तोंडात विरघळत असतानाही हे काम करता येईल.